दुपारचे दोन तास : मुंबईतील वडीलधाऱ्या स्त्रियांची मंडळे

मरीन लाइन्स स्टेशनावरून समुद्राच्या बाजूने चर्नी रोडकडे चालत निघाले की जिमखान्यांची एक रांगच लागते. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात या संस्था उभ्या राहिल्या, आणि मुंबईचे क्रिकेट पुष्कळसे त्यांच्याच मैदानांवर वाढले. धोबीतलावच्या आसपास गोव्याच्या खलाशांच्या ‘कुडी’ होत्या. बोटीवरून उतरलेला माणूस आपल्या गावच्या कुडीत पेटी ठेवी, जेवी, पत्ते खेळे आणि पुढच्या बोटीची वाट पाही. परळ-लालबागला तालमी होत्या, भजनी मंडळे होती आणि एकेका गावच्या माणसांनी भाड्याने घेतलेल्या खोल्या होत्या. दिवसभर राबलेल्या पुरुषाला चार घटका बसण्यासाठी जागा हवी, हे या शहराला फार लवकर पटले. कोणी त्याचे कारण विचारले नाही.

मग त्याच काळातील वयस्क बाई कुठे बसत होती? इतिहासाच्या पुस्तकांतून या प्रश्नाचे उत्तर सहजासहजी सापडत नाही. ती नळावर होती, जिन्यात होती, चाळीच्या गॅलरीत तांदूळ निवडत होती. कोकणातील आपल्या घरांत पुरुष बोटीवर किंवा आफ्रिकेत असत आणि किल्ल्यांचा जुडगा दादी-नानीच्या कमरेला असे. पण त्या किल्ल्या घराच्या होत्या, बाहेर पडण्याच्या नव्हत्या. तरीसुद्धा गेल्या सुमारे एकशेचाळीस वर्षांत मुंबईतील वडीलधाऱ्या स्त्रियांनी बसण्याच्या जागा मिळवल्या. त्या कशा मिळवल्या, कोणत्या निमित्ताने मिळवल्या आणि पुढे कशा गमावल्या, याचा हा थोडा शोध आहे.

प्रथम ‘वयस्क’ म्हणजे कोण, हे स्पष्ट केले पाहिजे. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशातील माणसाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते ७० च्या घरात आहे. या सरासरीत बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे खरे, तथापि चाळिशीतील बाईला त्या काळी सून आलेली असे, नातवंडे असत आणि तिला सगळे म्हातारीच समजत. साठीनंतरची ज्येष्ठ नागरिक ही कल्पना अलीकडची आहे. म्हणून जुन्या मंडळांच्या हकिकतीत प्रौढ बाईचे वय आजच्या हिशेबाने मोजू नये.

एकत्र जमण्याचे प्रसंग स्त्रियांना मुळीच नव्हते असे नाही. हिंदू घरांत हळदीकुंकू होते, मंगळागौर होती. पण या प्रसंगांचा मान सवाष्णीचा, त्यातही नव्या नवरीचा. वयस्क बाईंपैकी पुष्कळजणी विधवा असत, आणि हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांनी आतल्या खोलीत बसायचे असा रिवाज होता. त्यांच्या वाट्याला देवळातले कीर्तन-पुराण येई. तेथेही ऐकायचे काम, बोलायचे नव्हे. मुसलमान घरांत विधवेवर असा विटाळ नव्हता. मीलादची मजलिस असे, लग्नघरी हळदीच्या रात्री गाणी असत, आणि कोकणी मुसलमानांच्या लग्नात ही गाणी पाठ असणाऱ्या म्हाताऱ्या बायकांवाचून पान हलत नसे. येथे अडसर होता तो परद्याचा. शिवाय मीलाद असो वा लग्न, निमित्त घरातल्या कार्याचे. कार्य नसेल तर जमणे नाही.

श्रीमंत आणि शिकलेल्या घरांनी यावर आपापले उपाय काढले. अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक, न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी (१८४४–१९०६) यांच्या विस्तृत कुटुंबात ‘अखबार’ नावाच्या वह्या ठेवण्याची पद्धत होती. घरातील पुरुष, बायका, मुले, आलेले पाहुणे, ज्याला जे सुचेल ते त्याने त्या वहीत लिहावे. कोण कुठे फिरायला गेले, कोण आजारी पडले, कोणाची थट्टा झाली, सगळे त्यात येई. एकाच छपराखाली न राहणाऱ्या बायका त्या वहीच्या पानांवर एकमेकींना भेटत. पण ही गोष्ट एका कुटुंबापुरती होती. शेजारणीला त्यात जागा नव्हती.

नातेगोते नसलेल्या बायकांनी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, घरच्या कार्याशिवाय जमायचे, ही नवी रीत मुंबईत आर्य महिला समाजाने पाडली. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात हा समाज काढला आणि त्याच सुमारास मुंबईतही त्याचे काम सुरू झाले. गिरगावात प्रार्थना समाजाचे मंदिर होतेच, आणि मुंबईतील सुधारक मंडळींचा राबता त्या भागात असे. या साप्ताहिक सभांना येणाऱ्यांत डॉ. रखमाबाई होत्या. दादाजी भिकाजींविरुद्धच्या खटल्यामुळे पुढे त्यांचे नाव विलायतेपर्यंत गाजले. पण येथे मला त्यांच्यापेक्षा त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईंविषयी सांगावयाचे आहे. त्या म्हणजे रखमाबाईंच्या आई जयंतीबाई. पंधराव्या वर्षी आई झालेल्या, सतराव्या वर्षी विधवा झालेल्या आणि पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या जयंतीबाई त्या वेळी तिशी ओलांडलेल्या होत्या. लेकीला घेऊन त्या सभेला जात. इतिहासात लेकीचे नाव राहिले, आईचे तळटिपेत गेले. मुलगी सभेला जाऊ शकली ती आई बरोबर होती म्हणून, एवढे मात्र त्या तळटिपेवरूनही ध्यानात यावे.

याच्या उलट अनुभव श्रीमती रमाबाई रानडे यांचा. न्यायमूर्ती रानडे आपल्या पत्नीला शिकवू पाहत होते, सभांना पाठवत होते. आणि घरातील वडीलधाऱ्या बायका तिला त्यावरून बोल लावीत होत्या. रमाबाईंनी आपल्या आठवणींत, म्हणजे १९१० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात, हे सारे मोठ्या संयमाने लिहिले आहे. इंग्रजी शिकली म्हणून बोलणी, सभेत गेली म्हणून अबोला. वाचकाला त्या वडीलधाऱ्या बायकांचा राग येतो, आणि तो योग्यच आहे. तरी मला वाटते, एक गोष्ट विसरता कामा नये. नव्या सभेत सुनेला खुर्ची होती, सासूला नव्हती. आयुष्यभर ज्या घरात सत्ता मिळवण्यासाठी खपली त्या घराचे महत्त्वच कमी करणारी एखादी जागा बाहेर निघाली, आणि तेथे आपल्याला कोणी बोलावलेही नाही, तर कोणती सासू खूश होईल?

रमाबाईंनी यातून धडा घेतला असावा असे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते. रानडे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होऊन मुंबईस आल्यानंतर १८९४ साली त्यांनी ‘हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब’ काढला. नाव इंग्रजी, आणि त्यात ‘क्लब’ हा शब्द धीटपणे घातलेला. तेथे भाषा शिकवीत, सामान्य ज्ञानाची व्याख्याने होत, शिवणकाम आणि हस्तकलेचे वर्ग चालत. १९०१ साली रानडे वारले. रमाबाई विधवा झाल्या. सुमारे वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. नंतर १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या आणि १९०८ साली बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनी सेवासदन स्थापन केले तेव्हा त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. एक पारशी, एक सिंधी हिंदू आणि एक चित्पावन विधवा यांनी चालवलेली ही संस्था सर्व धर्मांच्या स्त्रियांना खुली होती. जी बाई हळदीकुंकवाला आतल्या खोलीत बसली असती, ती येथे सभेच्या मधोमध अध्यक्ष म्हणून बसत होती.

याच काळात एकामागून एक मंडळे निघाली. १९०३ साली स्त्री जरथोस्ती मंडळ आणि गुजराती हिंदू स्त्री मंडळ निघाले. गोखल्यांच्या स्मरणार्थ १९१६ साली भगिनी समाज निघाला. त्याच्या वार्षिक सभेत १९१८ साली गांधीजींचे भाषण झाले. नावे पुष्कळ आहेत. सर्वांची यादी देण्यात अर्थ नाही, कारण उद्देशांची कलमे बहुतेक सारखीच आहेत: साक्षरता, शिवण, आरोग्य, गरिबांस मदत.

या कलमांकडे मात्र जरा थांबून पाहिले पाहिजे. एकाही मंडळाच्या उद्देशात ‘बायकांनी बसून गप्पा माराव्यात, गाणी म्हणावीत, हसावे’ असे आढळत नाही. पुरुषांच्या जिमखान्याने क्रिकेट खेळण्यासाठी जिमखाना काढला असे सरळ सांगितले. बाईला मात्र हातात सुई घेतल्याशिवाय बसता येत नव्हते. हा प्रकार केवळ आपल्याकडचाच होता असेही नाही. कॅनडात १८९७ साली शेतकरी स्त्रियांची ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ सुरू झाली, ती १९१५ साली ब्रिटनमध्ये पोहोचली. तेथेही मुरंबे घालणे, मुलांचे आरोग्य, अन्न टिकवणे हे विषय पुढे आणि खेड्यातल्या म्हाताऱ्या बायकांचे चहापान मागे. सुई हा परवाना होता. मुंबईच्या बायकांनी हा परवाना फार हुशारीने वापरला. शिवणाच्या वर्गात एखादी बाई वर्षानुवर्षे एकच पेटीकोट शिवत असेल, तर तिला शिवण येत नाही असे समजण्याची घाई करू नये.

या परवान्याचा सर्वांत सुंदर उपयोग गावदेवीच्या सारस्वत महिला समाजाने केला, असे माझे मत आहे. गावदेवीला १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. सहकारी तत्त्वावरील घरबांधणीचा तो आपल्याकडील आरंभ मानला जातो. घरे एका ठिकाणी आली म्हणजे बायकाही एका ठिकाणी येतात. त्यांच्या महिला समाजाने १९४३ साली अंबाबाई संशी यांचे ‘रसचंद्रिका’ हे पाकपुस्तक मराठीत प्रसिद्ध केले. अनेक पिढ्या झाल्या तरी ते पुस्तक चालू आहे, त्याचे इंग्रजी रूपही निघाले. येथे नीट विचार केला पाहिजे. इतर मंडळांत वयस्क बाई शिकणारी होती, म्हणजे पाटी घेऊन बसलेली, थोडी ओशाळलेली. येथे तीच जाणकार ठरली. कोणत्या डाळीला किती पाणी, लोणच्याला मीठ कधी, बाळंतिणीला काय द्यावे, हे जिला ठाऊक तिचा शब्द अखेरचा. मंडळ टिकण्याचे रहस्य पुष्कळदा इथे असते. म्हातारीला तेथे काही मिळते का, याबरोबरच तिच्याकडून कोणी काही घेते का, हेही महत्त्वाचे ठरते.

हे सर्व गिरगाव-गावदेवीचे झाले. तेथे बाईला दुपार होती. स्वयंपाक आटोपला, पुरुष कचेरीत गेले, मुले शाळेत गेली की दोन ते चार ही वेळ तिची. परळ-लालबागच्या गिरणगावात ही दुपारच नव्हती. १९२०च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या, मुख्यतः गुंडाळणीच्या खात्यात. पुढे यंत्रे बदलली, कामगारकपात झाली आणि स्त्रियांचे प्रमाण घटतच गेले. गिरणीतून सुटलेली किंवा काढलेली बाई घरी बसली नाही. तिने खाणावळ काढली. दहा बाय बाराच्या खोलीत स्वतःचा संसार आणि शिवाय गावाकडून एकट्या आलेल्या दहा-पंधरा गिरणी कामगारांचे दोन वेळचे जेवण. पहिल्या पाळीचे डबे पहाटे, दुसऱ्या पाळीचे दुपारी. अशा बाईला साहित्य-सभेचे निमंत्रण पाठवणे म्हणजे थट्टाच.

तरी येथेही प्रयत्न झाले. ना. म. जोशी यांनी १९११ साली सुरू केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रीच्या शाळा, फिरती वाचनालये चालवली आणि परळला दामोदर हॉल उभा राहिला. पुढे कामगार कल्याण केंद्रे आली. त्यांच्या शिवण वर्गांतून आणि भजन स्पर्धांतून गिरणी कामगारांच्या घरातील बायका प्रथमच चाळीबाहेर जमू लागल्या. माझ्या समजुतीप्रमाणे गिरणगावातील वयस्क बाईचा खरा क्लब म्हणजे भजनी मंडळ. टाळ आणि पेटी एवढे सामान, जागा कोणाच्याही खोलीपुढची गॅलरी, आणि देवाच्या नावाने जमलेल्या बायकांना नवऱ्याचीही अडवण्याची छाती नाही. सुईपेक्षा हा परवाना अधिक बळकट होता.

खाणावळवाल्या बायकांचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. सावकाराकडून आणि वाण्याकडून उधार घेऊन पिचलेल्या या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून देणे हे पहिले काम. ही विरंगुळ्याची संस्था नव्हे, हे मान्य. परंतु बँकेत जाण्यासाठी, हप्त्यांचा हिशेब करण्यासाठी, एकमेकींना जामीन राहण्यासाठी बायका जमू लागल्या की त्या जमण्यालाही एक रंग येतो. वर्षानुवर्षे शेजारच्या चाळीत राहून एकमेकींचे नाव ठाऊक नसलेल्या बायका एकमेकींच्या पतीचे दारू पिणे, मुलीचे लग्न, गुडघ्याचे दुखणे बोलू लागल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि खाणावळींचे जेवणारेच नाहीसे झाले. अशा वेळी ज्या बायकांच्या पाठीशी मंडळ होते त्यांना निदान विचारायला एक दार होते.

आता आपल्या वाचकांना अधिक जवळच्या अशा भागाकडे वळू. भायखळ्याजवळच्या नागपाड्यात १९२७ च्या आरंभी ‘नागपाडा नेबरहुड हाऊस’ उघडले. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे प्रमुख. शिकागोच्या हल हाऊससारख्या संस्था शहरातील गरीब वस्तीत घर मांडून शेजारधर्माने काम करीत. त्याच धर्तीवर येथे वाचनालय, दवाखाना, खेळ, मुलांसाठी आणि स्त्रियांसाठी निरनिराळे गट चालत. नागपाड्याची वस्ती मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, हिंदू अशी मिश्र. याच इमारतीत १९३६ साली समाजकार्य शिकवणारी टाटांची संस्था सुरू झाली, तीच आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. नागपाड्याच्या गल्लीतून निघालेले हे शिक्षण आज पदव्युत्तर पातळीवर शिकवले जाते, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे म्हणून सांगितले.

पण नेबरहुड हाऊसपर्यंत चालत येणे हेही पुष्कळ घरांतील बायकांना शक्य नव्हते. ज्या बाईचे पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही, तिच्यासाठी हॉल बांधून काय उपयोग? हा प्रश्न श्रीमती कुलसुम सयानी यांनी सोडवला. १९०० साली गुजरातेत जन्मलेल्या कुलसुमबेन या डॉक्टरांच्या कन्या आणि डॉक्टरांच्या पत्नी. त्यांचे चिरंजीव अमीन सयानी यांचा आवाज पुढे रेडिओमुळे घरोघर पोहोचला. कुलसुमबेन गांधीजींच्या विचारांच्या. १९३७ नंतर मुंबई इलाख्यात खेर मंत्रिमंडळ आले आणि प्रौढ साक्षरतेची चळवळ जोरात सुरू झाली. त्या वेळी त्यांनी मोहल्ल्यांतील परदानशीन स्त्रियांचे काम अंगावर घेतले. त्यांची रीत साधी होती. वर्गासाठी शाळा शोधायची नाही. मोहल्ल्यातीलच एखादे घर घ्यायचे, शिक्षिकेने तेथे यायचे आणि आसपासच्या घरांतील बायकांनी एका दारातून निघून दुसऱ्या दारात शिरायचे.

हे वाचताना सोपे वाटते. प्रत्यक्षात यात एक मोठी समजूत दडलेली आहे. ज्या घरात वर्ग भरायचा त्या घराची मालकीण कोण? तरुण सून नव्हे. सासू, दादी, थोरली खाला. तिने होकार दिला तर बैठकीची सतरंजी अंथरली जाणार. आणि वर्ग तिच्याच घरात म्हटल्यावर तीही बसणार. प्रथम नुसती बघायला, मग पानदान बाजूला सारून अक्षर गिरवायला. शेजारच्या घरातली सासूही आपल्या सुनेला निर्धास्तपणे पाठवणार, कारण तेथे एक वडीलधारी बाई बसलेली आहे. रमाबाई रानड्यांच्या घरी वडीलधाऱ्या बायका वाटेत आडव्या आल्या. येथे त्यांच्याच घरात वाट काढली गेली. सासूला वळसा घालून नव्हे, तर सासूपासूनच आरंभ करून. समाजसुधारणेच्या इतिहासात या साध्या युक्तीला जितके महत्त्व द्यावयास हवे तितके दिले गेलेले नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

अक्षरे आली की पुढचा प्रश्न उभा राहतो. वाचायचे काय? शाळेतील बालपुस्तके प्रौढ बाईला कंटाळवाणी वाटतात आणि वर्तमानपत्र अवघड जाते. म्हणून कुलसुमबेननी १९४० साली ‘रहबर’ नावाचे पाक्षिक काढले. भाषा सोपी हिंदुस्तानी. लिपी तीन: नागरी, उर्दू आणि गुजराती. सन १९६० पर्यंत, म्हणजे वीस वर्षे, ते चालले. फाळणीच्या आधीच्या आणि नंतरच्या त्या वर्षांत, भाषा आणि लिपी यांवरून माणसे एकमेकांच्या जिवावर उठली असताना, एकच मजकूर तीन लिप्यांत छापून बायकांच्या हाती देणे ही लहान गोष्ट नव्हती. त्यांच्या कामाचा पुढे पद्मश्री देऊन आणि नेहरू साक्षरता पारितोषिक देऊन गौरव झाला. १९८७ साली त्या वारल्या. मोहल्ल्यातील त्या वर्गांना कोणी ‘क्लब’ म्हटले नाही. पण आठवड्यातील ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, घरच्या कार्याशिवाय बायका तेथे जमत होत्या. क्लब म्हणजे याहून वेगळे काय असते?

स्वातंत्र्यानंतर १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ निघाले. महिला मंडळांना अनुदाने मिळू लागली, आणि अनुदानाबरोबर नोंदणी, हिशेब, अहवाल आले. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर दुपारी ‘वनिता मंडळ’ लागे. एकाच खोलीत रेडिओ असला तर त्या खोलीच्या दारात चार शेजारणी बसत. तेही एक मंडळच म्हणा. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे हाती लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांत पिकल्या केसांच्या गृहिणी काही थोड्या नव्हत्या. आणि त्याच १९७२ साली, २ ऑक्टोबरला, मुंबई दूरदर्शन सुरू झाले. आरंभी दूरदर्शननेही शेजार एकत्र आणला. ज्याच्या घरी संच, त्याच्या घरी सारी चाळ. पण घरोघर संच आले, पुढे दुपारीही मालिका लागू लागल्या, आणि दोन ते चारची वेळ बाईच्या हातून पुन्हा गेली. या वेळी ती कामाने नेली नाही, इतकेच.

जागेचेही तसेच झाले. गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी मनोरे उभे राहू लागले. नायगाव, वरळी आणि ना. म. जोशी मार्ग येथील बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास चालू आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीतून मोठ्या घरात जाणाऱ्या कुटुंबाच्या आनंदात कोणी विष कालवू नये. स्वतःचे स्वच्छतागृह हे म्हाताऱ्या माणसाला किती मोठे सुख आहे हे ज्याने गॅलरीच्या टोकापर्यंत रात्री-बेरात्री चालत जाणारी आजी पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही. पण गॅलरी गेली, हेही खरे. गॅलरीला आमंत्रण लागत नसे. मनोऱ्यात बेल वाजवावी लागते, आणि बेल वाजवायची तर काही काम असावे लागते.

पुरुषांनी येथेही आपली सोय लवकर पाहिली. १९८० नंतर महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघांचे जाळे पसरले. गिरगाव चौपाटीजवळ नाना-नानी पार्क झाले, शिवाजी पार्कला झाले. नावात नानी आहे. सायंकाळी जाऊन पाहिले तर बाकांवर नाना अधिक दिसतात. नानी त्या वेळी पोळ्या लाटत असते किंवा नातवाला क्लासला पोहोचवत असते. संघांची वेळ सायंकाळची, बाईची मोकळी वेळ दुपारची, हा साधा हिशेब पुष्कळ ठिकाणी कोणी मांडलेलाच नाही. आमच्याकडे शाळा सुटण्याच्या आधी अर्धा तास फाटकाबाहेरच्या पायऱ्यांवर नातवंडांना न्यायला आलेल्या दादी-नानी बसलेल्या असतात. बुरख्यातल्या, नऊवारीतल्या, पंजाबी ड्रेसमधल्या. घंटा होते तेव्हा त्यांचे बोलणे अर्धवट तुटते, आणि दुसऱ्या दिवशी नेमके तेथूनच पुढे सुरू होते. मुले एक वेळ उशिरा सुटली तरी त्यांची तक्रार नसते.

मुंबईपासून फार दूर नव्हे, ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावी ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. गावातील शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती काढली. विद्यार्थिनी साठ ते नव्वद वर्षांच्या, गणवेश गुलाबी लुगडे, खांद्याला दप्तर. अंगठ्याऐवजी सही करता यावी, पोथी आपली आपण वाचता यावी, एवढ्या त्यांच्या मागण्या. परदेशी वर्तमानपत्रांनीही या शाळेची छायाचित्रे छापली. त्या छायाचित्रांतील लुगड्यांचा रंग सर्वांनी पाहिला. शाळेची वेळ मात्र फारशी कोणी टिपली नाही. शेतावरचे आणि घरचे काम आटोपून आजीबाईंना जी वेळ सापडे ती पाहून शाळा ठरवली होती: दुपारी दोन ते चार.